मागच्या सीटवरचा उजेड

तामारा, तो कंदील जरा बारीक कर. किडे येतात. आणि बसा सगळे इकडे, अजून झोपायची वेळ झालेली नाही.

आज दुपारी तुमच्या मास्तरांनी गाइडच्या वर्गात जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. जंगलातल्या रात्रीच्या फेरीत कुणीही न विचारता गाडीतून उतरायचं नाही. उतरला, की त्याचा येसाया होतो. तुम्ही हसलात. हसा, तुमचं वय आहे. पण येसाया एनखोमा कोण होता हे तुम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. आणि लॅक्सन न्जोवूचं काय झालं, तेही मला ठाऊक आहे.

काय म्हणालीस? भुताची आहे का? असेल तर आधी सांगा आगोगो, मला अंधारात संडासला जायचंय, असं म्हणतेस? मग आजोबाचं ऐक, आत्ताच जाऊन ये बाई. नंतर तू उठणार नाहीस.

आली? बस.

लॅक्सन अजून जिवंत आहे. नदीच्या वरच्या अंगाला, त्याच्या बहिणीच्या गावात असतो. उद्या कुणी जाऊन विचारलं तर तो हेच सांगेल. म्हणून मी यात एक शब्द जास्तीचा घालणार नाही. जिवंत माणसाबद्दल खोटं बोलून काय होतं, ते मी पाहिलंय.

दोन वर्षं झाली. ऑक्टोबरची चोवीस तारीख, गुरुवार. तेव्हा मी याच नदीकाठी, इथून बरंच वर, एका सफारी कॅम्पमध्ये कोठी सांभाळायचो. साबणापासून काडतुसांपर्यंत सगळं माझ्या किल्लीखाली. लॅक्सन तिथला मोठा गाइड. लुआंग्वाच्या या खोऱ्यात त्याच्यासारखी पाठीला कणा ठेवून चालणारी माणसं थोडी. परदेशी पाहुणे पुढच्या वर्षी यायचं ठरवताना आधी विचारायचे, लॅक्सन आहे ना? नसेल तर तारीख बदलू.

तर त्या गुरुवारी एका म्हाताऱ्या पाहुणीची बॅग विमानात चढायची राहिली होती. तिची औषधं त्या बॅगेत. संध्याकाळच्या विमानानं बॅग मफुवेच्या विमानतळावर येणार असा निरोप आला. एरवी अशा कामाला ड्रायव्हर जायचा, पण तो दोन दिवस हिवतापानं अंथरुणात होता. लॅक्सन म्हणाला, मी जातो. मी त्याला म्हटलं, तू कशाला, दुसऱ्या पोराला पाठवू. तो म्हणाला, पोरं रात्री गाडी चालवतात की उडवतात तेच कळत नाही, बाईची औषधं आहेत.

खरं तर त्याला रात्री त्या रस्त्यानं यायचं नव्हतं. दोन वर्षं तो रात्री त्या रस्त्यानं आला नव्हता. पण हे त्याला बोलून दाखवता येत नव्हतं.

विमान उशिरा आलं. बॅग हातात पडली तेव्हा आठ वाजून गेले होते. कॅम्पपर्यंत अडीच तासांचा कच्चा रस्ता. गाडी आपली नेहमीची, उघडी. पुढे ड्रायव्हरची सीट, तिच्यामागे पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या तीन रांगा. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. त्यानं बॅग आपल्या शेजारी ठेवली, दोरीनं बांधली आणि निघाला. मागच्या तिन्ही रांगा रिकाम्या.

आता जरा थांबतो. येसायाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

येसाया हा लॅक्सनचा दिवेवाला. रात्रीच्या फेरीत सर्चलाईट धरून शेवटच्या रांगेत बसायचा तो. तुम्हीही आता तेच शिकताय, पण तुमचा झोत असा फिरतो की जनावरच काय, झाडंसुद्धा पळून जातील. येसायाचा हात शांत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाळण्यात बाळ असावं तसा. हरणांचे डोळे चमकले की झोत लगेच वर उचलायचा. का, ते मास्तरांनी सांगितलंय का? डोळे दिपले की हरणाला काही वेळ दिसत नाही, आणि तेवढ्यात सिंह त्याला घेऊन जातो. येसाया म्हणायचा, आपण बघायला आलोय, मारायला नाही. अकरा वर्षं ते दोघे एका गाडीत. बोलणं जवळजवळ नाही. येसायानं बोटांच्या पेरांनी पत्र्यावर दोनदा टकटक केलं, की लॅक्सन ब्रेक दाबायचा. एकदा टक, की निघायचा. एवढीच त्यांची भाषा.

त्या गुरुवारच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. सप्टेंबर महिना. चार पाहुणे, त्यांची शेवटची रात्र, आणि सहा दिवसांत बिबट्या दिसला नव्हता. लॅक्सनला ते लागलं होतं. परतायच्या वेळेला, आठला दहा मिनिटं कमी असताना, चिम्फुंडे नाल्यापलीकडे बिबट्या ओरडला. लाकूड करवतीनं कापावं तसा. नाला कोरडा, नुसती वाळू, पण हत्तींनी पाण्यासाठी वाळू उकरून जागोजागी खड्डे केले होते. लॅक्सन म्हणाला, पलीकडे जाऊ. येसाया म्हणाला, नको, मघाशी पिल्लावाल्या हत्तिणी इथंच उतरल्यात, वाळूही फसवी आहे, वेळ झालीय, फिरव गाडी.

लॅक्सन हसला. पाहुण्यांना कळू नये म्हणून आपल्या भाषेत, अगदी हसत हसत म्हणाला, "भीती वाटत असेल तर उद्यापासून माइलेसीच्या चुलीपाशी बस. मक्याची एनशिमा ढवळायला तिला माणूस लागतोच."

माइलेसी म्हणजे येसायाची बायको.

येसायानं सर्चलाईट आकड्याला अडकवला, लहान बॅटरी घेतली आणि उतरला. वाळू चाचपत नाला पार करून पलीकडच्या काठाला गेला. तेवढ्यात झाडांतून हत्तीण आली. आवाज नाही, काही नाही. तिनं येसायाला उडवलं आणि ती गाडीवर आली. लॅक्सननं गाडी मागे घेतली, वळवली, पळवली. इथपर्यंत त्याला कुणी दोष देणार नाही. मीही देत नाही. चार जीव होते गाडीत.

पण वळणावर त्यानं आरशात पाहिलं. हत्तीण झाडांत परत गेली होती. आणि पलीकडच्या काठावर बॅटरी हलत होती. वर, खाली. वर, खाली. वर, खाली.

लॅक्सन थांबला नाही.

का थांबला नाही? पाहुणे रडत होते. एक बाई त्याचा दंड धरून किंचाळत होती. त्यानं मनाशी म्हटलं, हलवतोय म्हणजे ठीक आहे, झाडावर चढेल, यांना सोडून बंदूकवाल्याला घेऊन येऊ. कॅम्प पंधरा मिनिटांवर होता. पण पोचल्यावर पाहुण्यांना शांत करण्यात वेळ गेला, काय झालं ते साहेबाला सांगण्यात वेळ गेला, आणि कसं सांगायचं ते ठरवण्यात त्याहून जास्त गेला. परत पोचायला पाऊण तासाच्या वर झाला.

येसाया पलीकडच्या काठावर नव्हता. तो एवढ्या वेळात नाला ओलांडून अलीकडे आला होता. बरगड्या मोडलेल्या, एक पाय फरफटत. गाडी ज्या बाजूला गेली त्या बाजूला रस्त्यानं शंभर पावलं चालला होता. मग एका वारुळाला टेकून बसला होता. अंग अजून गरम होतं. मांडीवर बॅटरी, तिचा उजेड लालसर झालेला.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी कागद लिहायचा होता. माझं अक्षर चांगलं, मिशनच्या शाळेत शिकलेलो. लॅक्सन सांगत गेला, मी लिहीत गेलो. दिवेवाला कुणालाही न विचारता लघवीला उतरला. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. उजेडही दिसला नाही.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं, पोरांनो. मला तेव्हाच कळलं होतं. मी पेन खाली ठेवलं नाही.

म्हणून येसाया झाला बेफिकीर. बोअरवेलवरच्या बायका म्हणायला लागल्या, प्यालेला असणार. आणि शिकाऊ पोरांच्या वर्गात त्याचं नाव फळ्यावर गेलं.

बरं. आता त्या गुरुवारकडे येऊ.

शेवटचं गाव मागे पडलं तेव्हा नऊ वाजले असतील. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार होता, त्यामुळे अंधार मिट्ट. ऑक्टोबरचा उकाडा, मोपानीच्या झाडांना पान नाही, वारा नाही. लॅक्सन सावकाश चालवत होता. मनात म्हणत होता, नाला आला की पाहायचं नाही, मोपानीच्या ओंडक्यांचा नवा पट्टा टाकलाय त्यावरून सरळ निघायचं, पंधरा मिनिटांत घर.

डावीकडे हरणांचे डोळे चमकले. दहा-बारा जोड्या. चमकले आणि विझले.

त्यात काय, रोजचंच. पुढे थोड्या अंतरावर परत चमकले. परत विझले. तिसऱ्यांदा रस्ता उजवीकडे वळत होता. गाडीचे दोन्ही दिवे उजवीकडे. आणि डोळे चमकले ते डावीकडे, पार आत, झाडांत.

त्यानं मान थोडी वळवली. मोपानीच्या खोडांवरून उजेडाचा एक गोल सरकत होता. सावकाश. डावीकडून पुढे आला, रस्त्यावरून गेला, उजवीकडच्या झाडांत शिरला. मग परत.

त्याला वाटलं, मागून गाडी येतेय. आरशात पाहिलं. आरशात काळोख.

गाडी थांबवली. उजेडही थांबला... आणि गेला. त्यानं इंजिन बंद केलं. लांब नदीत पाणघोडे घोरत होते. गरम झालेलं इंजिन कुरकुरत होतं. मागे गाडी नाही. रस्त्यावर धूळ नाही. त्याची स्वतःचीच धूळ खाली बसत होती तेवढी.

आमच्या कॅम्पचा सर्चलाईट त्या रात्री माझ्या कोठीत होता, कुलपात. हे मी नंतर जाऊन पाहिलं, म्हणून सांगतो. दिवा होता, तार गुंडाळलेली होती, त्यावर धूळही होती.

लॅक्सननं गाडी चालू केली. शंभर पावलं गेला असेल... गोल परत आला.

आता त्याला त्यातलं एक एक दिसायला लागलं. रानमांजर दिसलं, तिथं गोल क्षणभर थांबला. साळिंदर आलं, त्याच्या काट्यांवर थोडा रेंगाळला. हरणांचा कळप आला, त्यांच्या डोळ्यांवर पडला मात्र... लगेच वर उचलला गेला. झाडांच्या शेंड्यांवरून गेला आणि कळपाच्या पलीकडे अलगद उतरला.

तुम्ही आपल्या भावाचं अक्षर ओळखता ना? पाकिटावर नाव नसलं तरी? लॅक्सननं तो हात तसा ओळखला.

त्यानं मागे पाहिलं नाही. मला म्हणाला, बा सिमिओन, त्या क्षणी मागे पाहिलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. पण मी एकदाच मागे पाहिलंय, आणि काय केलंय ते मला माहीत आहे.

खड्डा आला. गाडी दबली. रिकामी गाडी खड्ड्यात कशी वाजते ते त्याला ठाऊक होतं. ही तशी वाजली नाही. मागची डावी बाजू जरा जास्त दबली... उशिरा वर आली. शेवटच्या रांगेत डावीकडे माणूस बसला की दबते, तशी.

तो चालवत राहिला. अंगाला घाम, ओठ कोरडे. आणि तो मला म्हणाला ते खरं सांगतो, थोडा वेळ, मैल-दोन मैल, त्याची भीतीच गेली. अकरा वर्षं जसं होतं तसं झालं. पुढे तो, मागे उजेड. काही बोलायला नको. तो वेग कमी करून चालवायला लागला, फेरीवर चालवतात तसा. उजेड दाखवत होता आणि तो पाहत होता.

मग उजेड दुधीसारखी फळं लोंबणाऱ्या एका सॉसेज झाडावर चढला. आडव्या फांदीवर थांबला.

फांदीवर बिबट्या होता. पाय दोन्हीकडे सोडून पडलेला. त्यानं मान उचलली, उजेडाकडे पाहिलं. डोळे मिटले.

उजेड हलला नाही. बघ, म्हणत असल्यासारखा. घे, हाच ना हवा होता तुला.

लॅक्सन रडायला लागला. गाडी चालवत, रडत, तो पुढे निघाला. आणि झाडं संपली. समोर रस्ता खाली उतरत होता. वाळू.

टक... टक.

पत्र्यावर. मागे.

त्यानं ब्रेक दाबला नाही. पायानं दाबला. दोन वर्षं त्यानं कुणाला पत्र्यावर टकटक करू दिलं नव्हतं. नव्या दिवेवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोंडानं सांग, पत्र्याला हात लावायचा नाही. पण अकरा वर्षांचा पाय तो. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

चिम्फुंडे नाल्याचा काठ. अलीकडचा नव्हे. लॅक्सन मफुवेकडून येत होता. म्हणजे तो पलीकडचा काठ... येसाया बॅटरी हलवत उभा होता तो. समोर वाळू. वाळूपलीकडे रस्ता. रस्त्याला ते वळण.

इथं उभं राहिलं की तिथून पळणारी गाडी कशी दिसते, ते लॅक्सननं त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

मग गोल झाडांवरून निघाला. सावकाश मागे आला. रिकाम्या सीटांवरून आला. पहिल्या रांगेवरून... आणि त्याच्या पाठीवर थांबला.

त्याला कळलं, कारण त्याची सावली पडली. स्टिअरिंगवर. काचेवर. पुढे वाळूवर, लांबलचक. दोन हात, डोकं. वळणापर्यंत गेलेली.

तो वाट पाहत बसला. आता टक वाजेल. एकदा. निघ, म्हणेल.

वाजलं नाही.

त्यानं ब्रेकवरून पाय उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. इंजिन फुरफुरलं, बंद पडलं. गाडीचे पुढचे दिवे पिवळे झाले. मग लाल. मग गेले. तरी सावली तशीच... उलट आणखी काळी.

"येसाया," तो म्हणाला.

काही नाही.

"मी पाहिला होता. उजेड... मी पाहिला होता."

काही नाही.

"मीच तुला उतरायला लावलं..."

पाठीवरचा उजेड हलला नाही. गरम नव्हता. गार नव्हता. नुसता होता.

चंद्र वर आला. तो बसून होता. तरस आलं, वाळूतून गेलं, त्याची सावली ओलांडताना बाजूनं गेलं. तो बसून होता. त्याला वाटत होतं, आता वळून पाहावं. वाटत होतं... आणि मान वळत नव्हती.

मग पूर्व फिकी झाली. तो मला म्हणाला, हा उजेड कधी संपला आणि दिवस कधी सुरू झाला, ते मला कळलंच नाही.

पहाटे पाच वाजता आम्ही त्याला शोधायला निघालो. मी आणि बंदूकवाला. पंधरा मिनिटांत नाल्याशी आलो तर पलीकडच्या काठावर गाडी उभी. लॅक्सन ताठ बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे. शेजारी ती बॅग, दोरी तशीच. मी वाळू ओलांडून गेलो. हात लावला तर त्यानं मला ओळखलं, पण मान वळवली नाही.

"बा सिमिओन, मागे कोण बसलंय?"

मी पाहिलं. तिन्ही रांगा. कुणी नव्हतं. तसं सांगितलं.

त्यानं श्वास सोडला. आणि मग ते सगळं, जे मी आता तुम्हाला सांगितलं, ते तिथेच सांगितलं. बिबट्या, टकटक, सावली. आणि आरशात तीनदा हललेली बॅटरी. ती त्यानं मला पहिल्यांदाच सांगितली. मला नवी नव्हती.

बंदूकवाल्याबरोबर बॅग कॅम्पला पाठवली. लॅक्सन म्हणाला, मला कॅम्पला नको नेऊ, माइलेसीकडे ने.

आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात भुईमूग फोडत बसली होती. आम्ही रीतीप्रमाणे खाली बसलो, हळू टाळ्या वाजवून नमस्कार केला. तिनंही केला. तिला वाटलं, कॅम्पचा काही निरोप असेल. लॅक्सन जमिनीकडे पाहत सगळं बोलला. टोमण्यापासून. चुलीचं बोलला तेही त्यानं लपवलं नाही.

ती शेंगा फोडत राहिली. मग तिनं एकच विचारलं.

"किती वेळा हलवली बॅटरी?"

"तीनदा."

हात थांबले तिचे. कोंबड्या येऊन दाणे टिपायला लागल्या, तिनं त्यांना हाकललंही नाही.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "रोज रात्री. कशाला उतरलास म्हणून. पोरांसमोर घातल्या. माझ्या तोंडून त्या तू घातल्यास, लॅक्सन."

तिनं पुढची शेंग उचलली.

"आणि कागद कुणी लिहिला?"

मी म्हटलं, मी.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही. बाजारात समोर आली तर नमस्कार करते, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहते. दुसरा कागद मी त्याच आठवड्यात लिहिला, ऑफिसात नेऊन दिला. साहेब बदलले होते. नव्या साहेबानं वाचला, बरं म्हणाला, फाईलला लावला. लॅक्सननं नोकरी सोडली, गावच्या मुखियासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. गावानं ऐकलं. पण फळा पुसायला कुणी गेलं नाही. म्हणून आज तुम्हाला बसवलं.

आता राहिलं ते एवढंच.

बोलणं संपल्यावर लॅक्सन उठला. निरोप घेतला आणि वळला. इतका वेळ तो तिच्याकडे तोंड करून बसला होता, मीही वाटभर त्याच्या शेजारीच. त्याची पाठ आम्ही दोघांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"थांब," माइलेसी म्हणाली.

तो थांबला. तिनं हात पुढे केला... लावला नाही.

अंगातला शर्ट कॅम्पचा, गडद हिरवा. चार दिवसांपूर्वीच मी कोठीतून नवा काढून दिला होता, घडी मोडून. दोन खांद्यांच्या मध्ये त्याचा रंग गेला होता. जेवायच्या थाळीएवढा गोल. कडा अगदी स्वच्छ, आखल्यासारख्या. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या कापडासारखं पांढरं... नुसतं तेवढंच. बाकी सगळा शर्ट नवा.